बॅच थंड व्हायला वेळ लागतोय? उन्हाला दोष देण्याआधी जॅकेट तपासा

हे टिपण जॅकेटवाल्या, म्हणजे भांड्याभोवती दुसरं पोकळ कवच असलेल्या, बॅच रिअ‍ॅक्टरसाठी आहे. स्टेनलेस स्टीलचा असो की ग्लास लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेला), एकाच जॅकेटमधून तापवताना स्टीम आणि थंड करताना कूलिंग टॉवरचं पाणी जातं, ती नेहमीची मांडणी. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत एप्रिल संपत आला की हीच तक्रार दरवर्षी येते आणि लॉगशीटच्या शेऱ्यात दरवर्षी एकच शब्द लिहिलेला असतो: ‘उन्हामुळे’.

आधी एक गोष्ट. रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी असेल आणि पाणी पूर्ण उघडं असूनही तापमान चढत असेल, तर हे टिपण बाजूला ठेवा. डोसिंग बंद करा, प्लांटच्या आणीबाणीच्या सूचना पाळा, शिफ्ट इनचार्ज आणि सेफ्टीला बोलवा. खालची सगळी तपासणी रिअ‍ॅक्शन संपलेली, नुसती थंड होत असलेली बॅच किंवा साध्या पाण्याची ट्रायल बॅच धरून लिहिली आहे.

लक्षणं

- पावणेदोन-दोन तासांत ८० वरून ४० अंशांवर येणारी बॅच आता तीन तास घेते.
- सुरुवात झकास होते, पण ४३-४४ च्या आसपास बॅच अडकून बसते.
- पाणी पूर्ण सोडलंय, बॅच गरम आहे, तरी रिटर्न लाइन जेमतेम कोमट. किंवा उलट, रिटर्नला हात लावला तर चटका बसतो.
- जॅकेटचा वरचा पट्टा गरम, खालचा थंड.
- पाणी बंद केलं की थंड झालेली बॅच स्वतःहून परत चढू लागते.

यातलं नेमकं कोणतं लक्षण आहे ते लिहून काढा. ‘कूलिंग बरोबर नाही’ एवढंच लिहून मेंटेनन्सला कागद पाठवला तर पहिला पाना चुकीच्या ठिकाणी लागतो.

ऊन किती दोषी?

नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात, पण हवा कोरडी. टॉवरचं पाणी किती थंड होईल हे साध्या तापमानावर ठरत नाही, वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानावर ठरतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण २३ अंश येतो. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तोच २८ होतो. घरचा वाळ्याचा कूलर मे महिन्यात गारठवतो आणि पाऊस लागला की नुसती चिकचिक करतो, टॉवरचंही तेच. चांगला टॉवर वेट बल्बच्या ४-५ अंश वरपर्यंत पाणी आणतो. म्हणजे मे महिन्यात २७-२८ अंशांचं पाणी मिळायला हवं आणि जुलैत ३२-३३ चं. बॅच जुलैत रेंगाळली तर हवामानाला थोडा दोष देता येईल. मे महिन्यात रेंगाळली तर बिघाड आपल्या घरातला आहे, तो शोधायचा.

उन्हाचा खरा फटका वेगळ्या वाटेनं बसतो. कोरड्या हवेत बाष्पीभवन जास्त होतं, टॉवरमधले क्षार दाट होतात, त्यात उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पडतं. त्याचं पुढे येईलच.

पहिली तपासणी: लॉगशीट. खर्च शून्य

बॅचचं तापमान आणि जॅकेटमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहा. मग दोन्हींतला फरक अर्धा व्हायला किती वेळ लागतो ते बघा. बॅच ८० आणि पाणी ३० असेल तर फरक ५०. तो २५ व्हायला, म्हणजे बॅच ५५ वर यायला लागलेला वेळ मोजा. मग २५ चा साडेबारा व्हायला, म्हणजे बॅच साडेबेचाळीसवर यायला लागलेला वेळ मोजा.

जॅकेट धड असेल तर हे दोन वेळ जवळपास सारखे येतात. उदाहरणादाखल तीन हजार लिटरचा ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर, आत अडीच हजार किलो पाण्यासारखा माल, जॅकेटचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस मीटर आणि उष्णता वहनाचा गुणांक, म्हणजे आपला ‘यू’, ३०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. पाण्याचा प्रवाह भरपूर असेल तर फरक अर्धा व्हायला सुमारे ४७ मिनिटं लागतात आणि ८० ते ४० चा प्रवास ११० मिनिटांत होतो. सॉल्व्हंट असेल तर आकडे बदलतील, कारण बहुतेक सॉल्व्हंटची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणून आपल्या रिअ‍ॅक्टरचा चांगल्या दिवसातला आकडा एकदा काढून पॅनलवर चिकटवून ठेवावा. एलआयटीत (नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) शिकलेला कोणताही पोरगा तो चहा संपेपर्यंत काढून देईल.

आता निदान. अर्धा होण्याचा वेळ पूर्वीइतकाच आहे पण बॅच शेवटी अडकते, तर शिरणारं पाणीच गरम आहे: टॉवरकडे जा. वेळ सुरुवातीपासूनच वाढलेला आहे (४७ चा ७० झाला म्हणा), तर उष्णता भिंतीतून जात नाही किंवा प्रवाह कमी आहे: स्ट्रेनर (पाणी गाळणारी जाळी), हवा, स्टरर (आतला ढवळा), स्केल (क्षारांचा थर). दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा बराच लांबला, तर माल घट्ट होतोय, भिंतीवर थर बसतोय, रिअ‍ॅक्शन अजून पूर्ण संपलेली नाही, किंवा जॅकेटमध्ये कुठून तरी उष्णता शिरतेय. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं.

पाणी ३० ऐवजी ३३ आलं तर वरच्या बॅचला ११० ऐवजी १३० मिनिटं लागतात, फार बिघडत नाही. पण रेसिपीत ४० ऐवजी ३५ गाठायचं असेल तर तेच तीन अंश अख्खा तास खातात: १५७ मिनिटांची २१६ होतात. टार्गेट पाण्याच्या तापमानाला जितकं जवळ, तितका टॉवर महत्त्वाचा.

दुसरी: तापमान खरं आहे का

पीटी-१०० सेन्सर सुटा करून बर्फाच्या पाण्यात धरा, १०० ओम यायला हवेत. ८० अंशांना सुमारे १३१. थर्मोवेलमध्ये (सेन्सर बसतो त्या नळीत) तेल नसेल किंवा सेन्सर तळाला टेकत नसेल तर वाचन मागे राहतं. बॅच थंड झालेली असते, पॅनलला कळत नाही. इन्फ्रारेड गनने चकचकीत स्टीलच्या पाइपचं तापमान घेऊ नका, ती हमखास कमी दाखवते. पाइपावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा.

तिसरी: स्टीम पासिंग

एकच जॅकेट स्टीम आणि पाणी दोन्हींसाठी वापरलं की स्टीमचा व्हॉल्व्ह कधी ना कधी पास होतोच, म्हणजे बंद असूनही आतून गळतो. सीटवर रेघ पडते, गंजाचा कण अडकतो. मग थंड करताना एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने थोडी थोडी स्टीम अशी दोन्ही आत जातात. बॅच एका तापमानाला अडकते आणि पाणी बंद केलं की चढते.

तपासणी सोपी आहे. बॅच निवलेली आणि सुरक्षित असताना पाण्याचे इनलेट-आउटलेट बंद करा, जॅकेट ड्रेन करा, व्हेंट उघडा ठेवा, स्टीमचा व्हॉल्व्ह बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ड्रेनमधून वाफ किंवा गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) येत राहिलं, किंवा व्हॉल्व्हनंतरचा पाइप गरमच राहिला, तर व्हॉल्व्ह पास होतोय. ड्रेनसमोर उभं राहू नका, बाजूने बघा, हातमोजे घाला. कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या बायपासचा व्हॉल्व्हही तपासा, बऱ्याच वेळा चोर तोच असतो.

उपाय म्हणजे सीट लॅप करणे (घासून सपाट करणे) किंवा व्हॉल्व्ह बदलणे. चाकाला पाइप लावून आणखी आवळू नका. त्याने सीट अजून खराब होते आणि पुढच्या महिन्यात व्हॉल्व्ह उघडतही नाही.

इथेच पाण्याच्या लाइनवरचे बटरफ्लाय व्हॉल्व्हही बघून घ्या. दांड्याची पिन तुटली की हँडल ‘उघडं’ दाखवतं आणि आतली डिस्क अर्धी मिटलेली असते. हँडल नेहमीपेक्षा हलकं फिरत असेल तर संशय घ्या.

चौथी: जॅकेटमधली हवा

स्टीम वरून शिरते आणि कंडेन्सेट खालून निघतं. पाण्याचं उलट हवं: खालून आत, वरून बाहेर. तापवून झाल्यावर जॅकेट रिकामं केलं की त्यात हवा भरते. पाणी सोडताना वरचा व्हेंट उघडला नाही तर ती हवा वरच्या घुमटात अडकते आणि तेवढं क्षेत्रफळ फुकट जातं. काही ठिकाणी कुणीतरी सोयीसाठी पाणी वरून आत आणि खालून बाहेर जोडलेलं असतं. मग जॅकेट कधीच पूर्ण भरत नाही, पाणी भिंतीवरून ओघळून निघून जातं.

व्हेंट उघडा. आधी फसफस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग अखंड धार. अखंड धार आली की बंद करा आणि दहा मिनिटांनी परत एकदा तेच करा. पाण्यात विरघळलेली हवा गरम भिंतीपाशी पुन्हा सुटते, म्हणून दुसऱ्यांदा.

पाचवी: स्ट्रेनर आणि प्रवाह

स्ट्रेनरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावा. जाळी स्वच्छ असतानाचा फरक माहीत असला पाहिजे. तो अर्धा बारने वाढला की जाळी काढायची वेळ झाली. आत काय सापडतं ते नीट बघा. शेवाळ असेल तर टॉवरची रासायनिक ट्रीटमेंट ढिली आहे. पीव्हीसीचे तुकडे असतील तर टॉवरचं फिल (पाणी पसरवणारी आतली भरण) तुटतंय. खपल्या असतील तर स्केल सुटतोय. जाळी काढून टाकून चालवू नका. तो कचरा पुढे जॅकेटच्या नोझलमध्ये अडकतो. ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरच्या साध्या जॅकेटमध्ये पाण्याला गोल फिरवणारी नोझल असतात. ती चोक झाली की पाणी संथ होतं आणि प्रवाह ठीक दिसूनही उष्णता निघत नाही.

आता प्रवाह. इन आणि आउटमधला फरकच बरंच सांगून जातो. वरच्याच रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच ८० असताना ताशी २० घनमीटर पाणी जात असेल तर पाणी साधारण ५ अंश तापून बाहेर पडतं. प्रवाह ५ घनमीटरवर घसरला तर तेच १७-१८ अंश तापतं. म्हणून चटका देणारी रिटर्न लाइन म्हणजे चांगलं कूलिंग नव्हे, प्रवाह कमी आहे. आणि प्रवाह पुरेसा असून पाणी दोन-अडीच अंशच तापत असेल, तर उष्णता भिंत ओलांडतच नाहीये. हा एक फरक बघितला की अर्ध्या तपासण्या वाचतात.

फ्लो मीटर नसेल आणि रिटर्न फनेलमध्ये पडत असेल तर दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरे: ३६ सेकंदांत ड्रम भरला तर ताशी २० घनमीटर. रिटर्न बंद पाइपात असेल तर क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने आणा.

सहावी: टॉवर

आधी वेट बल्ब. एका थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून टॉवरच्या हवा शिरण्याच्या बाजूला, सावलीत, वाऱ्याच्या झोतात धरा. सम्पमधलं (टॉवरखालच्या टाकीतलं) पाणी त्याच्यापेक्षा ४-५ अंश वर असेल तर टॉवर निर्दोष आहे, पुढे जा. ८-१० अंश वर असेल तर टॉवर आळशी झालाय. पट्टा सैल, नोझल चोक, फिलवर क्षारांचा थर, एका बाजूनेच पडणारं पाणी, हे सगळं डोळ्यांना दिसतं. एक दिसत नाही: मोटर रिवाइंड होऊन आली की कधीकधी दोन फेज उलटे जोडले जातात आणि पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, वारा लागतो, पण हवा वाटेला लागत नाही. टॉवरच्या डोक्यावर हलकी रिबन धरा. इंड्यूस्ड ड्राफ्ट (वरच्या पंख्याने हवा ओढणाऱ्या) टॉवरमध्ये ती वर उडायला हवी.

आता क्षार. ताशी १०० घनमीटर फिरणारं पाणी टॉवरमध्ये ५ अंश निवत असेल तर अंदाजे पाऊण घनमीटर पाणी उडून जातं. ब्लोडाउन (क्षार दाट झालेलं पाणी बाहेर सोडणं) ताशी पाव घनमीटर ठेवला असेल तर क्षार मेकअपच्या, म्हणजे भर घातलेल्या नव्या पाण्याच्या, चौपट होतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन १.१ घनमीटरवर गेलं आणि ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह जानेवारीत होता तसाच राहिला, तर क्षार जवळपास साडेपाच पट. पाण्याचा खर्च वाचतोय म्हणून ब्लोडाउन कमी करणं ही तर उन्हाळ्यातली आवडती काटकसर! टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर हजार-दीड हजारात येतो. टॉवर आणि मेकअपचा टीडीएस रोज सकाळी लिहा आणि भागाकार करा. क्लोराइडवरून काढलेलं प्रमाण अधिक भरवशाचं, कारण टॉवरमध्ये घातलेली रसायनं टीडीएसही वाढवतात. टँकर बदलला की मेकअपचं हार्डनेस नव्याने मोजा, जुना आकडा चालणार नाही.

सातवी: आतली बाजू

स्टररचे अँपिअर आणि फेरे मोजा. व्ही-बेल्ट घसरत असेल तर मोटर पूर्ण वेगाने आणि शाफ्ट कमी वेगाने फिरतो. अँपिअर एकदम खाली आले असतील तर ब्लेड सुटलंय का बघावं लागेल. बॅच निम्मीच भरली असेल तर जॅकेटचा वरचा भाग रिकाम्या जागेला थंड करत बसतो. हा बिघाड नव्हे, हिशेब आहे. क्रिस्टल पडणारा माल असेल तर अती थंड पाण्याने भिंतीवरच पापुद्रा धरतो आणि कूलिंग आणखी मंदावतं. तिथे पाणी जास्त गार करण्याऐवजी हळूहळू गार करत नेणं फायद्याचं.

चिल्ड वॉटरची टाकी असेल तर

शेवटचे पाच-दहा अंश टाकीत साठवलेल्या चिल्ड वॉटरने काढायचे, ही पद्धत चांगली आहे. टॉवरने जड काम आधी उरकायचं, साठवलेली थंडी शेवटासाठी ठेवायची. वीस घनमीटरची टाकी ७ वरून १२ अंशांपर्यंत वापरली तर सुमारे ११६ युनिट उष्णता पोटात घेते. पण हे तेव्हाच, जेव्हा टाकीत थर टिकतो: गार पाणी खाली, गरम वर. रिटर्नचं पाणी वरून धबधब्यासारखं पडत असेल तर दोन्ही थर घुसळले जातात, टाकीभर ९-१० अंशांचं पाणी होतं आणि चिलर दिवसभर धावूनही शेवटी गार पाणी मिळत नाही.

टाकीला तीन उंचींवर थर्मामीटर लावा. डिस्चार्ज चालू असताना वर आणि खाली चार-पाच अंशांचा फरक दिसला पाहिजे, मधला थर्मामीटर बराच वेळ गप्प राहून मग एकदम चढला पाहिजे. तिन्ही एकत्र सावकाश चढत असतील तर टाकीत घुसळण आहे. रिटर्न वरच्या पातळीलगत, मोठ्या व्यासाच्या, भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून सोडा, वेग जितका कमी तितका बरा. इथे मोठा पंप बसवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आठवी: जॅकेटमधला स्केल

स्केलवर सगळे आधी संशय घेतात, म्हणून तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. हिशेब करून बघा. कॅल्शियम कार्बोनेटच्या एक मिलिमीटर थराने ३०० चा ‘यू’ साधारण २६० होतो. २०० पर्यंत घसरायला तीन मिलिमीटर लागतात. ग्लास लाइन्डमध्ये काचेचाच अडथळा मोठा, त्यामुळे स्केलचा परिणाम तुलनेने कमी दिसतो. स्टेनलेस स्टीलच्या, ६०० ‘यू’ असलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तोच एक मिलिमीटर थर ‘यू’ ४६० वर आणतो. म्हणजे ग्लास लाइन्डमध्ये महिन्याभरात वेळ दीडपट झाला असेल तर कारण बहुधा स्केल नाही. हवा, प्रवाह किंवा स्टीम. दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढला असेल तर स्केल किंवा तळाशी साचलेला गाळ. गाळ ड्रेनमधून फ्लश करून निघतो, तेवढं स्वतः करा.

इथून पुढे हात लावू नका

जॅकेट अ‍ॅसिडने धुणं हे प्लांटमधल्या माणसांचं काम नाही. ग्लास लाइन्डच्या जॅकेटमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं की लोखंडावर हायड्रोजन तयार होतो, तो पोलादातून झिरपत काचेच्या मागे जमतो आणि आतली काच खवल्यांसारखी उडते. जॅकेट स्वच्छ होतं, रिअ‍ॅक्टर जातो. स्टेनलेस स्टीललाही हायड्रोक्लोरिक चालत नाही, क्लोराइडने खड्डे आणि भेगा पडतात. रिअ‍ॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने लेखी मान्य केलेलं रसायन आणि ते काम नेहमी करणारा माणूस, दोन्ही हवेत.

तापलेल्या ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरमध्ये घाईने ब्राइन (थंड केलेलं क्षारयुक्त पाणी) किंवा चिल्ड वॉटर सोडू नका. भिंत आणि पाणी यांच्यातल्या तापमानाच्या फरकाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती पाळा. आणि ब्राइन टॉवरच्या पाण्यात मिसळू देऊ नका, कॅल्शियम क्लोराइड सगळी लाइन खाईल.

टॉवरच्या पाण्याला सॉल्व्हंटचा वास येतोय, पीएच अचानक घसरलाय, किंवा बंद रिअ‍ॅक्टरमधली पातळी आपोआप वाढतेय, तर भिंतीला छिद्र आहे. बॅच घेणं लगेच थांबवा. पाण्याशी पेटणारा माल असेल तर जॅकेटही रिकामं करा. काचेची स्पार्क टेस्ट, जॅकेटची हायड्रो टेस्ट आणि वेल्डिंगची दुरुस्ती हे अधिकृत तज्ज्ञाचं आणि सक्षम व्यक्तीचं काम. ग्लास लाइन्डच्या जॅकेटला बाहेरून साधं वेल्डिंग केलं तरी आतली काच तडकू शकते. आत उतरून बघायचं असेल तर परवाना, ऑक्सिजनची तपासणी आणि बाहेर उभा माणूस याशिवाय कुणालाही उतरवू नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

तज्ज्ञाला बोलावताना हातात तीन कागद ठेवा: चांगल्या दिवसाची लॉगशीट, आजची लॉगशीट, आणि टॉवर-मेकअपच्या टीडीएसची महिन्याभराची नोंद. ते पाहून तो पहिल्याच भेटीत कामाला लागेल, नाहीतर पहिली भेट आकडे गोळा करण्यातच जाईल आणि तिचंही बिल येईल.